अनुभवाच्या रकान्यात ‘निरंक’

मागच्या आठवड्यात कोर्ट सुटायच्या वेळी एक मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. गडचिरोलीच्या कोरची तालुक्यातल्या आतल्या गावचा, वय सव्वीस, बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) झालेला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेले कागद. जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार उच्चायुक्तांचं कार्यालय आहे. ते १९९७ पासून आदिवासी समाजातल्या लोकांसाठी एक फेलोशिप चालवतं. तिचा अर्ज त्याने कुरखेड्याच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणला होता आणि इंग्रजीत भरायच्या आधी पेन्सिलने मराठीत कच्चा भरून ठेवला होता. अक्षर सुंदर. नाव, गाव, समाज, भाषा (गोंडी, मराठी, छत्तीसगढी, कामापुरती इंग्रजी) सगळं व्यवस्थित. आणि ‘अनुभव’ या रकान्यात एकच शब्द: निरंक.

तो शब्द मला फार लागला. हा मुलगा चार वर्षं ग्रामसभेचा तेंदूपत्त्याचा हिशेब लिहितो. सत्तर पानांचा एक पुडा. कोणी किती पुडे फळीवर (पत्ता मोजून घेतात त्या जागी) आणले, किती बाद झाले, कोणाच्या खात्यात किती रक्कम गेली, हे सगळं त्याच्या हातचं. आमचा भाग पेसा कायद्याखाली, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतो; इथे ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात, आणि ठेकेदाराशी करारनामा होतो तेव्हा कलमं वाचून दाखवायला हाच बसलेला असतो. गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा तयार झाला तेव्हा नाल्यांची, टेकड्यांची, देवांच्या जागांची गोंडी नावं म्हाताऱ्यांना विचारून त्यानेच लिहून घेतली. आणि अनुभव निरंक.

“पगार नव्हता ना ताई,” तो म्हणाला. “मग अनुभव कसा लिहू?”

त्याला मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण हीच चूक मी केलेली आहे. त्याने अनुभवाच्या रकान्यात केली, मी अंदाजपत्रकात केली होती. खेड्यापाड्यात काम करणाऱ्या वकिलांना, कार्यकर्त्यांना आणि पीएचडी करणाऱ्या मुलामुलींना मला एवढंच सांगायचं आहे: पैसे देणाऱ्या संस्थेकडे अर्ज करताना आपला आणि गावाचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, मोजा.

मी तालुक्याच्या कोर्टात अकरा वर्षं वकिली करते. घरात माझ्या आधी कोणी वकील नव्हतं. ज्युनिअर असताना सीनिअरकडून पेट्रोलपुरते पैसे मिळायचे, आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांचंही उत्पन्न धानाच्या हंगामावर होतं. पोटगी, जामीन, फेरफार, अपघाताचे दावे, हेच आमचं काम. पक्षकार फी देतो ती धान विकल्यावर. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की ज्युनिअर वकिलाला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या बारमध्ये तेवढे पैसे देऊ शकेल असा माणूस मला तरी दिसत नाही. अशा ठिकाणी ‘संशोधन’ हा शब्द उच्चारायलाही माणूस बिचकतो. ते विद्यापीठातल्या लोकांचं काम, आपण तारखा सांभाळायच्या, असं वाटतं.

मलाही तसंच वाटायचं. पण वनहक्काच्या दाव्यांचं काम करता करता एक प्रश्न डोक्यात बसला. जुन्या मध्य प्रांतातल्या आपल्या जिल्ह्यांत गावागावाचं निस्तार पत्रक आहे. गावाने कुठे गुरं चारायची, कुठून सरपण आणायचं, बांबू कुठला घ्यायचा, याची ती सरकारी नोंद. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ख) मध्ये निस्तार हा शब्दच लिहिलेला आहे. मग दाव्यासोबत हे पत्रक जोडलं तर उपविभागीय समितीत त्याचं वजन किती पडतं? नोंदीतलं जंगल आणि गाव आज वापरतं ते जंगल यांत फरक किती? तीन गावं घेऊन हे तपासावं असं ठरवलं आणि एका संस्थेकडे छोट्या अनुदानासाठी अर्ज केला. सहा महिन्यांचे ६०,००० रुपये मंजूर झाले. संस्थेचं नाव लिहीत नाही.

त्या अर्जाला जोडलेलं अंदाजपत्रक माझ्याकडे अजून आहे. पेट्रोल १२,०००. नकला आणि झेरॉक्स ८,०००. नकाशा छपाई १०,०००. शिवारफेरीतलं जेवण १५,०००. अहवालाचं टंकलेखन आणि छपाई १५,०००. बेरीज बरोबर ६०,०००. तो कागद लिहिताना मला अभिमान वाटला होता की मी स्वतःसाठी एक रुपयाही मागितला नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये पहिल्या गावाची हद्द चालायला घेतली. मोहफूल पडायच्या आधीचे दिवस, सकाळी गारवा, पायाखाली पानगळीचा चुरा. रोज बारा माणसं: वनहक्क समितीचे काही जण, जंगलात रोज जाणाऱ्या बाया आणि सर्वांत पुढे सत्तरी ओलांडलेला एक आजा. माझ्या हातात जीपीएसचं यंत्र होतं, पण रस्ता यंत्र दाखवत नव्हतं, आजा दाखवत होता. दुसऱ्या दिवशी एका येनाच्या झाडाखाली तो थांबला. तिथे गुडघ्याएवढे तीन उभे दगड, मधल्यावर जुना शेंदूर. “इथून पलीकडं त्या गावची हद,” तो म्हणाला. “तिकडचे मोहफूल आमी नाही वेचत. मोहाखाली आमच्या बाया गेल्या तर त्या गावच्या बाया काही म्हनत नाहीत, पन आमीच नाही जात.” हा मुद्दा कुठल्याच सरकारी नोंदीत नव्हता. मी तो लिहून घेतला, यंत्रावर बिंदू नोंदवला, आणि आपण खरंच काहीतरी शोधतो आहोत असं मला पहिल्यांदा वाटलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी परतताना एक बाई माझ्या बरोबरीने चालू लागली. “बाई, मी उद्या नाही येत. तलावावर रोजगार हमीचं काम लागलं. माझा रोज बुडते.” तिने हे रागाने म्हटलं नाही, लाजत म्हटलं, जणू तिचीच चूक होती. दुसऱ्या दिवशी तिच्याऐवजी तिची जाऊ आली. नऊ दिवस बारा माणसांची संख्या गावाने कमी होऊ दिली नाही.

नवव्या दिवशी रात्री मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा रोज २४८ रुपये होता. बारा माणसं, नऊ दिवस: १०८ रोज. २६,७८४ रुपये. एका गावाचे. अजून दोन गावं चालायची होती. संस्थेने तिन्ही गावांसाठी दिले ६०,०००, आणि एकट्या या गावाने आपल्या खिशातून माझ्या अभ्यासात २६,७८४ घातले होते. अहवालात त्याचा उल्लेख कुठेच येणार नव्हता. माझेही कोर्टाचे नऊ दिवस गेले होते. दोन जामीनअर्ज मी दुसऱ्या वकिलाला देऊन टाकले होते. स्वतःसाठी काही मागितलं नाही याचा जो अभिमान होता, तो त्या पानावर संपला. मी जे सोडलं ते माझं होतं. पण गावाचा रोज सोडायचा मला काय अधिकार होता?

पुढे दुसरा हप्ता सात महिने उशिरा आला. उपयोगिता प्रमाणपत्र, मग लेखापरीक्षकाची सही, मग बँकेचा तपशील पुन्हा. मी बचत गटातून कर्ज काढून छपाई केली. तेव्हापासून हप्ते किती आणि कधी, हे मी मंजुरीपत्र घेण्याआधी लेखी विचारते. आणि गावातल्या कामाचा सगळा खर्च पहिल्या हप्त्यात बसेल असंच वेळापत्रक मांडते.

आता रोज मांडायचा कसा, ते सांगते. बऱ्याच संस्थांच्या नमुन्यात ‘मानधन’, ‘स्थानिक संशोधन सहायक’, ‘सहभागींचा प्रवास व भत्ता’ अशी शीर्षं असतात, आणि आपण ती रिकामी सोडतो. तिथे माणसं गुणिले दिवस गुणिले दर असं उघड लिहायचं. दर कुठून काढला तेही लिहायचं: रोजगार हमीचा चालू दर, किंवा गावात धानकापणीला मिळतो तो. स्वतःच्या नावापुढेही महिन्याचे किती दिवस या कामाला देणार आणि त्याचं किती, हे लिहायचं. माझा अनुभव असा की पैसे देणाऱ्याला अशा ओळीचा राग येत नाही. हा माणूस प्रत्यक्ष गावात जाणार आहे, एवढं त्याला त्यावरून कळतं.

पण इथे वकील म्हणून एक गोष्ट फार जपावी लागते. वनहक्क नियमांतल्या नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे, आणि त्यात वडीलधाऱ्यांचं लेखी उतरवलेलं कथन हाही पुरावा आहे. उद्या समितीपुढे किंवा कोर्टात कोणी म्हणालं की या म्हाताऱ्याला पैसे देऊन बोलायला लावलं, तर गावाचा दावाच अडचणीत येईल. म्हणून रोज द्यायचा तो चालण्याचा, मोजण्याचा, नकाशावर बसण्याचा, जबाबाचा नाही. जबाब वेगळ्या दिवशी, ग्रामसभेत, सगळ्यांसमोर. हजेरीपट वेगळा, जबाबाची फाईल वेगळी. मी तर आता ज्यांचा जबाब घ्यायचा त्यांना हजेरीपटावर घेतच नाही. आज्यासारखा माणूस मग चालायला येतो तो गावाचा म्हणून, आणि त्याचं चहापाणी, दवाखाना गाव बघतं. हे मला पूर्ण पटलेलं नाही, पण याहून बरा मार्ग अजून सापडलेला नाही.

पीएचडी करणाऱ्यांचं जग थोडं वेगळं आहे, तिथे दरमहा ठरलेली रक्कम असते. नेट परीक्षा देऊन जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये; वयाची अट तीस, स्त्रियांना आणि राखीव प्रवर्गांना पस्तीस. केंद्राच्या आदिवासी व्यवहार मंत्रालयाची अनुसूचित जमातींसाठी फेलोशिप आहे, वर्षाला ७५० जागा. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांसाठी महाज्योती या सरकारी संस्था आहेत. महाज्योतीचं मुख्य कार्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, डॉक्टरल फेलोशिप देतेच, शिवाय संशोधन पद्धतीचे दहा दिवसांचे वर्गही तिच्या पैशाने ठिकठिकाणी होतात. माझा मामेभाऊ गोंडवाना विद्यापीठात पीएचडी करतो. त्याने अशा वर्गात दहा दिवसांत प्रश्नावली कशी करायची ते शिकलं, आणि घरी येऊन आईलाच पहिली प्रश्नावली विचारली. मामी म्हणाली, “हे काय इचारतेस, तुले माहीत नाही का?” त्याने तेवढे तीन प्रश्न काढून टाकले.

या सगळ्यांत मुलं अडकतात ती कागदांवर. जाहिरात निघाल्यावर जात वैधतेसाठी धावणं म्हणजे ती संधी गेली असंच समजा. उत्पन्नाचा दाखला मार्चअखेर संपतो, तो एप्रिलमध्येच काढून ठेवावा. वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रिमिलेअर, मार्गदर्शकाचं पत्र, विद्यापीठाचं नोंदणीपत्र, हे सगळं स्कॅन करून एका पेनड्राइव्हवर आणि आणखी एकाच्या मोबाइलवर. आमच्याकडे वीज गेली की नेटवर्कही जातं. शेवटच्या दिवशी अर्ज भरायला बसलेली तीन मुलं मी सेतू केंद्राच्या बाहेर रडताना पाहिली आहेत.

आणि मराठी. अर्ज इंग्रजीतच करावा लागतो म्हणून कितीतरी जण मागे सरतात, पण सगळीकडे तसं नाही. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था कलांवरच्या संशोधनाला अनुदान देते आणि प्रस्ताव कुठल्याही भारतीय भाषेत स्वीकारते. वडशाची माझी एक मैत्रीण झाडीपट्टीच्या नाटकांत काम करणाऱ्या बायांवर बरीच वर्षं टिपणं काढते आहे: रात्री दहाला सुरू होऊन पहाटे संपणारी नाटकं, त्यांचे प्रवास, त्यांची लेकरं रात्री कोणाकडे राहतात. तिला हे कळलं तेव्हा तिने चार दिवसांत मराठीतून प्रस्ताव लिहिला. अंदाजपत्रकात तिने कलावंत बाईच्या बुडणाऱ्या रात्रीचे पैसे मांडले आहेत. न्यू इंडिया फाउंडेशनची अनुवादासाठीची फेलोशिपही मराठीला खुली आहे, सहा महिन्यांसाठी सहा लाख रुपये. आपल्याकडे दोन्ही भाषा चांगल्या येणारे शिक्षक आहेत, त्यांनी ती बघावी.

गावातल्या छोट्या गटांबद्दल मात्र मनात काळजी आहे. पूर्वी मोठी संस्था परदेशी निधी घ्यायची आणि त्यातली थोडी रक्कम गावातल्या नोंदणीकृत मंडळाला द्यायची. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी अंशदान कायद्याचं कलम ७ बदललं आणि तशी रक्कम पुढे देण्यावर पूर्ण बंदी आली. मोठ्या संस्थेकडे पैसा असला तरी तो आमच्या महिला मंडळाकडे त्या वाटेने येऊ शकत नाही. एखादी संस्था तुमच्या गटाला सोबत घेते म्हणाली तर पहिला प्रश्न हाच: पैसा देशी की परदेशी, आणि तो आमच्याकडे कोणत्या शीर्षाखाली येणार? हा प्रश्न विचारायला लाजू नये. चुकीच्या व्यवहाराचा त्रास शेवटी लहानालाच होतो.

देशाबाहेरच्या संधींबद्दल मला मुलं विचारतात तेव्हा मी आधी तासांचा हिशेब सांगते. इंग्लंडची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या मास्टर्सचा पूर्ण खर्च देते आणि त्याआधी २,८०० तासांचा कामाचा अनुभव मागते. हा अनुभव पगारीच हवा असं नाही, स्वयंसेवक म्हणून केलेलं कामही त्यात धरतात. परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायचं ही अट आहे, आणि ज्याला इथेच काम करायचं आहे त्याला ती अडचण वाटायचं कारण नाही. बुलढाणा जिल्ह्यातून गेलेले राजू केंद्रे त्याच शिष्यवृत्तीवर लंडनला शिकले. यवतमाळात त्यांनी सुरू केलेली एकलव्य ही संस्था पहिल्या पिढीच्या मुलांना असे अर्ज लिहायला शिकवते. माझ्यासारख्या, दहा-बारा वर्षं काम झालेल्यांसाठी अमेरिकेची हंफ्री फेलोशिप आहे. दहा महिने, पदवी नाही, शिकणं आणि तिथल्या लोकांसोबत काम. मी यंदा तिची तयारी करते आहे. मुलगी दहावीला आहे, सासूबाई म्हणाल्या मी बघते. बघू.

त्या मुलाकडे परत येते. त्याला मी मेंढा (लेखा) गावाची गोष्ट सांगितली. धानोरा तालुक्यातलं ते गाव त्याला माहीत होतंच, त्याचे नातेवाईक आहेत तिथे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला, हे सगळे सांगतात. त्याच्या आधी कितीतरी वर्षं तिथे गावाचा अभ्यासगट बसत होता, हे कमी सांगितलं जातं. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून विषय समजून घेत, आणि निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेई. तो अभ्यास म्हणजेच संशोधन. त्यालाही कोणी पगार दिला नव्हता.

मग आम्ही कोरा कागद घेतला. तेंदूच्या हंगामात तो दिवसाला किती तास फळीवर असतो? सकाळी आणि संध्याकाळी मिळून सहा. हंगाम किती दिवसांचा? ग्रामसभा महिन्यातून किती वेळा, इतिवृत्त लिहायला किती वेळ? दाव्याच्या नकाशाला किती दिवस गेले? तो आधी अडखळत सांगत होता, मग स्वतःच म्हणायला लागला, “थांबा ताई, चराईचा नियम केला तेव्हाच्या बैठका राहिल्या.” कागदाची एक बाजू भरली तेव्हा कोर्टाचा शिपाई कुलूप घेऊन दारात उभा होता. आम्ही बाहेर पायरीवर बसून पुढचं लिहिलं. ‘निरंक’ त्याने स्वतःच्या हाताने खोडला.

या फेलोशिपच्या माहितीपत्रकात एक ओळ आहे, ती मी त्याच्याकडून दोनदा वाचून घेतली: औपचारिक शिक्षण नसणं हा अर्जाला अडथळा धरू नये. शिफारस आदिवासी संघटनेची किंवा समाजाची लागते. कोणा साहेबाची लागत नाही. म्हणजे त्याच्या ग्रामसभेचं पत्र चालेल. तिकीट, तिथला राहण्याचा खर्च, आरोग्य विमा, सगळं कार्यालय देतं, पण जिनिव्हाच्या त्या चार आठवड्यांत घरचा मोह कोण वेचणार, तेंदू कोण तोडणार, हे त्यात कुठेच नाही. ते आम्ही वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. ग्रामसभेपुढे शिफारशीसोबत तो कागदही ठेवायचा आहे.

सभा रविवारी आहे. मोह पडायला लागला आहे, पहाटे चारपासून सगळे जंगलात, म्हणून संध्याकाळी सातला बोलावली आहे. मी पाचच्या गाडीने निघते.